शुद्धलेखन

चि. आकांक्षा,

वही देताना तूच म्हणालीस, "आजी, आठवणी लिही, मन मोकळं होईल. शुद्धलेखन मी बघेन." मी मालवणीतच लिहिलं, "घोवान माका जिन्यावरसून ढकलल्यान. हात मोडलो." चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव न घेता सगळ्यांना सांगत आले होते, पाय घसरला.

काल माझ्या पंच्याहत्तरीला तू त्याची पुस्तिका करून वाटलीस. त्या ओळीच्या जागी छापलंय, "यजमान कडक शिस्तीचे होते." लालबागच्या आपल्या चाळीतल्या बायका म्हणाल्या, "जाईबाई, नशीब काढलंत." मी वाकडा हात पदराखाली घेतला.

तुझ्या आजोबांचं मी केव्हाच सोडून दिलं. तुझं सुटत नाही. हे पत्र तुला देणार नाही. तू हेही शुद्ध करशील.

तुझी आजी