खुशीची हक्कसोड

नांदेड, मुलींचे वसतिगृह
२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
अक्षराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकायच्या आधीच भांडता, म्हणून पत्र. एम.ए.ला एका वादाच्या प्रश्नावर शोधनिबंध लिहायचाय. नुसती माहिती चालत नाही, एक बाजू घेऊन ती पुराव्यानिशी पटवून द्यावी लागते. माझा प्रश्न असा: बहिणी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडतात, तो खुशीने सोडतात का? सोबत वीस फॉर्म आहेत. भावकीतल्या बायकांकडून भरून घ्या. निबंध महिनाअखेर द्यायचाय.

आईचा गुडघा कसा आहे? शिवांशला म्हणावं, ताईची पुस्तकं रद्दीत घातलीस तर बघ. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
अक्षरा


चाकूर, ९ जानेवारी

चि. अक्षरास अ. उ. आ.

फॉर्म दोन दिवसांत करून टाकले. वीसच्या वीस ‘खुशीने’! आता पटवायचं काय राहिलं? आपल्यात बहीण भावाच्या ताटातलं मागत न्हाई, असं लिही आन् मोकळी हो.

तुझी शिवकांता आत्या चोवीस तारखेला उदगीरहून येणार हाय. रजिस्ट्रीत तिची हक्कसोडपत्रावर सही हाय. तू साक्षीदार म्हणून ये. माझ्या बहिणीच्या सहीखाली शिकलेल्या लेकीची सही शोभून दिसंल. आईचा गुडघा बरा हाय, जीभ त्याहून बरी.

आशीर्वाद हायतच,
महादेवप्पा


नांदेड, १३ जानेवारी

तीर्थरूप आप्पांस शि. सा. न.

धन्य आहे तुमची! वीसही फॉर्म तुमच्याच अक्षरात. साखराबाईंनीसुद्धा ‘खुशीने’ म्हटलंय आणि त्या तर मागच्या श्रावणात वारल्या. मॅडम म्हणाल्या, हे फेकून दे. मी फेकणार नाही. बायकांच्या खुशीचं उत्तर घरचा कर्ता पुरुष देतो, हाच माझ्या निबंधाचा पहिला पुरावा. नावं तेवढी झाकीन.

साक्षीदार मी होणार नाही. उद्या शिवांशसाठी माझ्यापुढेही असाच कागद याल घेऊन. त्यावरची सही आजच विसरा. आत्याला एक कोरा फॉर्म मी उदगीरला परस्पर धाडलाय.

पटत नसलं तरी लेक तुमचीच,
अक्षरा


चाकूर, १७ जानेवारी

चि. अक्षरास आशीर्वाद.

साखराबाईला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. जित्ती असती तर तेच म्हणली असती. बायकांना कशाला तरास, म्हणून मी लिहिलं. त्यात कोणतं पाप झालं? घराची लक्तरं वेशीवर टांगायला तुला शिकायला धाडलं न्हाई. हा निबंध दिलास तर परीक्षा झाली की सामान बांधून घरी ये, पुढचं शिक्षण बंद. आन् शिवकांताच्या पोटातलं मला ठावं हाय, ती माझी बहीण हाय.

तुझा बाप,
महादेवप्पा


नांदेड, २१ जानेवारी

आप्पांस शि. सा. न.

निबंध देणार. सामान बांधणार नाही.

अक्षरा


उदगीर, २५ जानेवारी

चि. अक्षरा, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

काल रजिस्ट्रीत गेले होते. साहेबानं मला इचारलं, की खुशीनं सोडून राहिल्या का. मी तोंड उघडायच्या आत आप्पा हाव म्हणला, माझा लेक शिवलिंग हाव म्हणला, टायपिंगवाला सुदिक हाव म्हणला! लई राग आला गं मला. साठीची बाई मी, आन् माझ्या तोंडचा शब्द तिघांनी वाटून घेतला. साहेबाला म्हणलं, अजून माझं ठरलं न्हाई, ठरलं की मी सोता येऊन सांगीन. पेन ठेवला आन् उठले.

आप्पा म्हणला, माहेर तुटंल. मी म्हणलं, एका सहीवर टिकायचं असंल तर तुटू दे. तुला खोटं कशाला सांगू, एसटीत बसल्यावर रडले. चाकूरच्या स्टँडवर आजवर मला कुणी एकटं सोडलं नव्हतं. आप्पा आलाच न्हाई, शिवलिंगबी त्याच्यापाशीच थांबला.

आता तुझं. तुझ्या फॉर्मात रकाने दोनच, ‘खुशीने’ न्हाईतर ‘नाखुशीने’. शिकलीस खरी, पर तूबी आप्पाची लेक! मी खाली पेनानं तिसरा रकाना पाडलाय आन् खूण त्यातच केली हाय. त्यावर लिव्हलंय, ‘मला कुणी इचारलंच न्हाई.’

तुझीच,
शिवकांता