आईच्या फोटोचा डबा

मावला, मार्च १९९४

प्रिय सुधाकर,

निजामाबादहून पाठवलेलं तुझं पत्र महिन्यापूर्वी आलं. उत्तर आज लिहिते. आपल्या मुगवड्यांचा डबा मावल्यात सगळ्यात जास्त खपतो, आणि तोही त्यावर छापलेल्या आईच्या फोटोमुळे, असं तू मोठ्या अभिमानानं लिहिलं होतंस. खप खरा आहे. कारण वेगळं आहे.

आठवतं ना, आई साध्या पारदर्शक पिशवीत वड्या भरायची? तळव्यानं हवा दाबून काढायची, पिशवीची कड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून चिकटवायची. वर दोऱ्यानं एक वडी बांधायची, वानगी म्हणून. गिऱ्हाइकानं आधी ती चावून पाहावी, मग पिशवी घ्यावी. तू नक्षीदार डबा काढायचा म्हणालास तेव्हा ती हसली होती, "कागुद का तळून खातेत रे बाबू?" मी मात्र तुझ्याशी भांडले. पुठ्ठ्याची किंमत खाणाऱ्याच्या ताटातून वसूल करणं ही लूट आहे, म्हणाले. तू म्हणालास, "आक्का, ही तुझी सभा नाय, इथं माइक नाय, हळू बोल. वजन तर खरंच छापून राह्यलो ना!" छापतोस. पण बाजारात आलेली बाई वजन वाचत नाही, डब्याचा आकार पाहते. अर्ध्या डब्यात वारा भरून वर खरं वजन छापणं, हे शिकलेल्या माणसाचं खोटं आहे. गावोगावच्या सभांत मी हे बोलले. टाळ्या पडल्या, डबा तेवढाच राहिला.

आईला वाचता येत नव्हतं. फकिराच्या दुकानात तिनं तुझा डबा पहिल्यांदा कानाशी हलवला आणि तिचा चेहरा उतरला. "पोराच्या हातून भराची चूक झाली वं. लोकं त्याले काय म्हनतीन?" मी खरं काय ते सांगितलं, तरी तिला पटेना. आपला मुलगा जाणूनबुजून अर्धा डबा विकेल, हे तिच्या मनात शिरेचना. तेव्हापासून तुझा माल आला की ती दुकानामागे बसायची. डबे उघडायची, आपल्या वड्यांनी काठोकाठ भरायची, पिठाची खळ लावून पुन्हा बंद करायची. अंगात ताप असतानाही. मला शपथ घातली होती, "सुधाकरले सांगू नको, लाजन तो."

परवा बासरला आपण दोघांनी तिच्या अस्थी गोदावरीत सोडल्या, तेव्हाही मी ती शपथ पाळली. आज मोडते. काल तुझा नवा माल आला आणि फकिरा दारात येऊन उभा राहिला. "आशाताई, आता डबे कोन भरन?" सुधाकर, डबा लहान कर. नाहीतर त्यावरून तिचा चेहरा काढ. तिनं घातलेल्या शेवटच्या वड्या अजून खाटेवरच आहेत. त्यातली एक या पत्राला दोऱ्यानं बांधली आहे. आधी चावून पाहा.

तुझीच,
आक्का