अकराशे चाळीस वाक्यं

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.

आज शेवटचं वाक्य झालं. एकूण अकराशे चाळीस. सात आठवडे ही रोज सकाळी कपड्यांच्या कपाटात स्टूल टाकून बसायची, माईकमध्ये वाक्यं वाचायची आणि मी बाहेर कॉम्प्युटरवर ती साठवायचो. कपाटात अशासाठी की कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. कल्पना माझी. (ही म्हणते, स्पीच थेरपिस्ट मॅडमची. असो.)

सतरा तारखेला हिचं घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर हिला बोलता येणार नाही. पण ही वाक्यं मॅडमना दिली की त्यांचा प्रोग्रॅम हिचा आवाज शिकेल. मग हिनं टॅबवर टाइप करायचं आणि टॅबनं हिच्याच आवाजात बोलायचं. म्हणजे सगळी मदार या अकराशे चाळीस फाइलींवर, आणि फाइली माझ्याकडे. योग्य माणसाकडे आहेत. ऑफिसची रेकॉर्ड रूम एकतीस वर्षं सांभाळली, एक फाइल गहाळ नाही.

मॅडमचा फोन आला. आहे तसं आजच पाठवा म्हणाल्या. शंभर-दीडशे वाक्यांतसुद्धा काम भागतं, तुमच्याकडे तर भरपूर आहेत. मनात म्हटलं, शंभर वाक्यांत भागायला ही काय पोपट आहे?

४ मार्च, बुधवार.

सगळं ऐकायला बसलो. खोकला. स्टुलाची करकर. शेजाऱ्यांचं ड्रिल. वाक्य २१२ च्या आधी हिचा आवाज, अहो, लाल दिवा लागलाय, हे चालू आहे का बंद? असा माल बाहेर पाठवायचा म्हणजे इतक्या वर्षांच्या शिस्तीवर पाणी.

निश्चय: साफसूफ करूनच पाठवायचं. मॅडम म्हणतात, खोकला वगैरे आमच्याकडे आपोआप निघतो. आपोआप निघतो म्हणणाऱ्यांच्या टेबलावर काय ढीग साचतात ते मी पाहिलेलं आहे.

शेवटची एकशे चाळीस वाक्यं हिनं स्वतःच्या मनानं घातली आहेत. यादीत नव्हती. उदा. वाक्य १०९३: ‘अहो, चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या.’ सूचीत त्यासमोर शेरा मारला: अनावश्यक.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी २.

आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर महाग. शोधल्यावर तेच एका साइटवर फुकट मिळालं. लोकांना शोधायचा कंटाळा, दुसरं काय. सोबत सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. अँटिव्हायरस लाल खिडकी काढून थयथयाट करत होता. असले हरकती काढणारे कारकून मी खूप सरळ केलेत. बंद केला.

सॉफ्टवेअर मात्र उघडेना. तीनदा क्लिक केलं. उघडेल सावकाश.

७ मार्च, शनिवार.

कॉम्प्युटर आज जरा जड चालतोय. पंखा घूं घूं करतोय, दिवा सारखा लुकलुकतोय. आतल्या आत सफाई सुरू असणार. चांगलं सॉफ्टवेअर असंच असतं, गाजावाजा नाही. त्याला त्रास नको म्हणून दिवसभर हात लावला नाही.

हिनं विचारलं, पाठवलं का? म्हटलं, काम चालू आहे.

८ मार्च, रविवार. सकाळी ७.

सफाई झालेली दिसत नाही. सगळ्या फाइलींची चित्रं पांढरी पडली आहेत आणि प्रत्येक नावाला मागे एक विचित्र शेपूट लागलंय. एकही फाइल वाजत नाही. स्क्रीनवर काळ्या पाटीवर लाल अक्षरं: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, चावी हवी असेल तर पैसे भरा. खाली घड्याळ उलटं चाललंय.

घाबरण्याचं कारण नाही. नावाची शेपटं काढली की झालं.

दुपारी १२. बावन्न फाइलींची शेपटं काढली. वाजत नाहीत.

दुपारी १२.३०. अरे, मी कशाला घाम गाळतोय? दुसरी प्रत आहे की! बॅकअपची डिस्क. ही नेहमी म्हणते, तुम्ही स्वतःला पण कुठेतरी ठेवून विसराल. म्हणून ती डिस्क मी हिच्या विणकामातल्या निळ्या लोकरीनं कॉम्प्युटरला बांधूनच टाकली आहे. कायम जोडलेली. हरवायचा प्रश्नच नाही.

दुपारी १.१०. डिस्कवरच्या फाइलींनाही शेपटं आहेत.

जेवण गेलं नाही. हिला म्हटलं, ॲसिडिटी.

९ मार्च, सोमवार.

मॅडमचा फोन. शेवटचा हात फिरवतोय म्हणालो. खोटं नाही.

ही म्हणाली, काही कमी-जास्त असेल तर सांगा, अजून आठ दिवस आहेत, मी परत म्हणते. आवाज बसलाय पण निघतोय. मी म्हटलं, काही गरज नाही, घशाला आराम दे. हिला सांगून उगाच टेन्शन कशाला? दोन-तीन दिवसांत सगळं जागेवर आणतो, हिला कळणारसुद्धा नाही. घरात एकानं तरी खंबीर राहिलं पाहिजे.

१० मार्च, मंगळवार.

कॉम्प्युटर पोत्यात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं चालू केला, पाटी पाहिली आणि लगेच बंद केला. मग समजावून सांगितलं. तुम्ही उतरवलंत ते सॉफ्टवेअर नव्हतंच. ते आत शिरतं, गुपचूप एकेक फाइल घेतं, तिची अक्षरं उलटीपालटी करून कुलूप लावतं, आणि जोडलेलं जे जे सापडेल त्यालाही लावतं. सगळं संपल्यावरच पाटी दाखवतं. शनिवारी पंखा घूं घूं करत होता तेव्हा तेच चाललं होतं. तेव्हाच प्लग उपसला असता तर बरंच वाचलं असतं.

शनिवारी मी त्याला त्रास नको म्हणून हात लावला नव्हता.

बॅकअप आहे का, असं त्यानं विचारलं. मी लोकरीसकट डिस्क पुढे केली. त्यानं लोकर पाहिली, माझ्याकडे पाहिलं. काही कुलपांच्या चाव्या फुकट मिळतात, याची नाही मिळत म्हणाला. आणि पैसे भरू नका, भरले तरी देतीलच असं नाही.

निराशावादी माणूस. फी मात्र घेतली.

११ मार्च, बुधवार. सकाळी १०.

बाजारातून आलो तर ही कपाटात स्टुलावर बसलेली, दार उघडं, हातात वाक्यांचा कागद. सहज बसले म्हणाली. थोडी वाक्यं वाचू का? तुम्ही नुसतं चालू करा. शंभर तरी होतील दुपारपर्यंत.

मी जवळजवळ हो म्हणणार होतो. पण चालू कशावर करणार? फोनवर केलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, अगं, सगळं उत्तम झालंय, आता भर घातली तर क्रम बिघडेल. ही उठली. स्टूल जागेवर ठेवलं. कपाट लावलं.

क्रम बिघडेल, हे कारण बरं सुचलं.

१३ मार्च, शुक्रवार.

घड्याळ रविवारी संपेल, मग रक्कम दुप्पट. पाटीखाली चॅटची सोय आहे. फोनवरून लिहिलं. पलीकडचा माणूस फारच सभ्य. प्रत्येक वेळी सर म्हणतो. ऑफिसात शेवटची दहा वर्षं मला कुणी इतक्या वेळेवर उत्तर दिलेलं नाही.

तो म्हणाला, विश्वास बसावा म्हणून तुमची एक फाइल फुकट उघडून देतो, कुठलीही निवडा.

विचार केला. घाईनं कुठलं तरी वाक्य देणारा मी नव्हे. कुठल्याही रेकॉर्डमध्ये सर्वांत महत्त्वाची असते ती सूची. सूची सुरक्षित तर सगळं सुरक्षित. सूचीची फाइल पाठवली.

संध्याकाळी ५. सूची उघडून आली. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. अकराशे चाळीस वाक्यं, क्रमांक, तारखा, शेरे. सगळी पानं पुन्हा पुन्हा पाहिली.

संध्याकाळी ६. सूचीला आवाज नाही, हे आत्ता लक्षात आलं.

दुसरी एक फाइल फुकट मिळेल का, असं विचारलं. सॉरी सर, म्हणाला.

१४ मार्च, शनिवार.

पैसे भरायचे. आज बँक बंद, पण एफडी कालच मोडून ठेवली होती. बँकेतल्या बाईंनी कारण विचारलं. घरगुती म्हणालो. चॅटवाल्याला पैसे विशिष्ट डिजिटल नाण्यांतच हवेत, आणि ती घ्यायची तर खातं पडताळायला दोन दिवस. म्हणजे सोमवार. तोवर घड्याळ थांबवा म्हणून विनंती केली. ओके सर, म्हणाला. माणसं चांगली आहेत.

१६ मार्च, सोमवार. हॉस्पिटल.

हिला ॲडमिट केलं. खिडकीजवळची कॉट. ऑपरेशन उद्या सकाळी. भेटायची वेळ ५ ते ७.३०.

५.१०. खातं सुरू झालं. चॅटवर कळवलं.
५.१२. त्याचं उत्तर: वेलकम बॅक सर.
५.३५. पैसे पाठवले. आकडे दोनदा तपासले.
५.४१. त्याचं उत्तर: मिळाले की तासाभरात चावी देतो.
६.५०. त्याचं उत्तर: मधल्या फीमुळे रक्कम कमी भरली, उरलेली पाठवा.
६.५८. उरलेली पाठवली.
७.०५. थँक यू सर, असं उत्तर. नुसतं तेवढंच.
७.१५. चावी? असं विचारलं.
७.२५. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. त्यांच्याकडे सुट्टीची वेळ झाली असावी.

ही काहीतरी बोलत होती. मी हो हो म्हटलं.

नर्स वेळ संपली म्हणून सांगायला आली.

१७ मार्च, मंगळवार.

ऑपरेशन नीट झालं. पाच तास. सर्जन म्हणाले, सगळं काढलं, आता धोका नाही. मी त्यांचे हात धरले. बाहेर येऊन रडलो, बाकावर, सर्वांसमोर.

चॅटचं पान उघडत नाही. मेंटेनन्स असेल.

२० मार्च, शुक्रवार.

हिच्या गळ्याला भोक, त्यातून श्वास. हातात लहान मुलांची पाटी असते तशी पाटी. पहिल्या दिवशी लिहिलं, पाणी. दुसऱ्या दिवशी, जेवलात का? खोकते तेव्हा आवाज येत नाही, नुसती हवा येते. ते पाहिलं की मी काहीतरी आणायला म्हणून बाहेर जातो.

चॅटचं पान अजून बंद.

२४ मार्च, मंगळवार.

घरी आणलं. हिनं पाटीवर लिहिलं, टॅब कधी? म्हटलं, मॅडमकडे काम चालू आहे. मॅडमनी अकरा फोन केलेत. एकही उचललेला नाही. फोनला रेंज नसते आमच्याकडे.

२८ मार्च, शनिवार.

मॅडम घरी आल्या. हॉलमध्ये बसल्या आणि माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. ही समोर बसून ऐकत होती. मी सॉफ्टवेअरचं, लोकरीचं, सूचीचं, सगळं सांगितलं. कपाटाच्या दिवसाचंही.

मॅडम म्हणाल्या, अहो, त्या दिवशी फोनवर शंभर वाक्यं घेतली असती तरी झालं असतं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जुन्या लग्नांचे व्हिडिओ, फोनवरचे निरोप, काही आहे का, असं त्यांनी विचारलं. ही आयुष्यभर कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात जाणारी बाई. निरोप पाठवायचा कुणाला, मी घरीच असायचो.

मॅडमनी टॅबवर तयार आवाज घालून दिला. ‘स्त्री, क्रमांक तीन.’ स्पष्ट आहे. खोकला नाही, करकर नाही, ड्रिल नाही. सगळं साफ.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.

आज चष्मा सापडेना. घरभर फिरलो. हिनं टॅबवर टाइप केलं आणि क्रमांक तीन बाई म्हणाली, ‘अहो, चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या.’ रेल्वे स्टेशनवर सूचना देतात त्या सुरात. ही हसली. तिच्या हसण्याला आवाज नाही हे मी विसरलो होतो. मी जमिनीवरच बसलो आणि माफ कर म्हणालो. किती वेळा म्हणालो ते मोजलं नाही.

ती टॅब बाजूला ठेवून पाटी घेऊन शेजारी बसली. लिहिलं, ‘ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी जे बोलले ते तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं. माईकसमोर म्हणायचं नव्हतं. ते लक्षात आहे ना?’

मी म्हटलं, शब्द न् शब्द.

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘मग बाकीचं गेलं तरी चालेल.’ माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. आत्ता झोपली आहे.

मी डायरी काढून १६ तारखेचं पान उघडलं. चॅटवाल्याचं प्रत्येक वाक्य मिनिटासकट आहे. तिचं एका ओळीत आहे. काहीतरी बोलत होती. डोळे मिटून आठवून पाहिलं. तिचे ओठ दिसतात, खिडकीतला उजेड दिसतो, माझ्या मांडीवर तिचा हात होता तेही आठवतं. ऐकू मात्र काही येत नाही.

संकल्प: उद्या तिला विचारायचं. ती लिहून देईल. शब्द न् शब्द आठवतो असं आज सांगितल्यावर उद्या विचारायचं कसं, ते अजून सुचलेलं नाही.