स्टिअरिंगवरचे हात

मंगळवार, ४ मार्च

मिळाली! ओमारीला भूमिका मिळाली. आत्तापर्यंत तीन सिनेमे केले माझ्या पोराने – एकात पळणारा चोर, एकात भिंतीला टेकवलेला चोर, तिसऱ्यात नुसताच मेलेला. या वेळी पात्राला नाव आहे! शाळामास्तर आहे, निर्दोष. पोलीस त्याची गाडी अडवतो आणि हा खाली उतरून त्याला जाब विचारतो. पाच मिनिटं नुसता ओमारीच बोलणार.

मी चालवते ती शाळेची बस लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मुलं उतरलेली होती, बरं झालं.

शुक्रवार, ७ मार्च

तोंड पाडून आला. तालमीत गाडीमागे पोलिसाचे निळे दिवे लागले की याचे दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर. बोटं पसरलेली. खिडकी आधीच खाली! डायरेक्टर म्हणाला, असा अपराध्यासारखा काय बसतोस? तुझा काही गुन्हा नाही, तुला राग यायला हवा. सहा वेळा केलं, सहाही वेळा हात वरच. सोमवारी जमलं नाही तर दुसरा कोणी बघावा लागेल, असं फार गोड आवाजात सांगितलं म्हणे.

पोलिसाचं काम वेड नावाचा गोरा नट करतोय. माणूस चांगला आहे, ओमारीला कॉफी आणून देतो. जेवायच्या सुट्टीत त्याने गंमत सांगितली – एकोणीस वर्षांचा होता, पिऊन गाडी चालवत होता, पोलिसाने धरलं तर याने त्यालाच आईवरून शिवी घातली. मग? मग काय, पोलिसाने घरी नेऊन सोडलं! सगळे हसले. ओमारीही हसला. मला नाही हसू आलं.

ते हात मीच लावलेत तिथे. आम्ही काळी माणसं, म्हणून नऊ वर्षांचा होता तेव्हापासून. हात दिसू देत. सांगितल्याशिवाय हलायचं नाही. खिशाकडे हात न्यायचा तर आधी तोंडाने सांगायचं. पाढेसुद्धा इतके घोकून घेतले नाहीत मी. आमच्या एल्बर्टने, माझ्या सख्ख्या भावाने, नुसतं लायसन काढायला हात खाली नेला होता. पोलिसाने गोळी घातली. बावीस वर्षांचा होता. त्या पोलिसाची नोकरीही गेली नाही.

शनिवार, ८ मार्च

ओमारी म्हणाला, "आई, सवय तूच लावलीस, आता तूच काढ."

लागले की मग कामाला! अंगणात माझी जुनी गाडी, आत तो, बाहेर मी. डोक्यावर त्याची टोपी, हातात विजेरी. काचेवर टकटक केलं तर म्हणतो, "हो मॅडम." अरे मेल्या, उलट बोल! तर म्हणे, तुझ्याशी उलट बोलायला तरी कधी शिकवलंस? दोघं इतकं हसलो की मला गाडीला धरून खाली बसावं लागलं.

हात मात्र वरच. दिवसभर.

रविवार, ९ मार्च

चर्च बुडवलं. देवा, माफ कर.

दुपारी जमलं. हात मांडीवर राहिले. मग दार आपटून उतरला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "का थांबवलंत मला? काय केलंय मी?" अंगावर सरसरून काटा आला. केवढा देखणा दिसत होता! चोवीस वर्षांत माझा पोरगा असा ताठ उभा राहिलेला पाहिलाच नव्हता. मीच राहू दिला नव्हता. खूप टाळ्या वाजवल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

सोमवार, १० मार्च

पहिल्या फटक्यात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेडने मिठी मारली. डायरेक्टर म्हणाला, आता खरा माणूस वाटतोस. घ्या! इतके दिवस काय खोटा होता? पण पोरगं फोनवर असं खिदळत होतं की मीही हसून घेतलं. मासे तळून ठेवलेत त्याच्यासाठी.

रविवार, १६ मार्च

अजून तोच प्रसंग चाललाय. कधी पुढून, कधी बाजूने. चाळीसदा तरी गाडीतून उतरलो असेन, म्हणतो. आता विचारही करावा लागत नाही म्हणे.

विचार मला करावा लागतो. पण आज किती खूश होता! चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गायला.

शनिवार, २२ मार्च

काल शूटिंगहून येताना हायवेवर त्याला थांबवलं. खऱ्या पोलिसाने. मागचा दिवा गेला होता, एवढंच. "हात मांडीवरच राहिले गं, आई. दार उघडून मी खाली उतरलोसुद्धा." तो उतरला, त्याने विचारलं, का थांबवलंत मला, आणि पोलिसाने पिस्तूल काढलं. पालथं पाडून ठेवलं होतं माझ्या लेकराला, अर्धा तास. मग सोडून दिलं. गालात रुतलेली खडी मी चिमट्याने काढली.

आज सकाळी त्याला अंगणात गाडीत बसवलं. म्हटलं, मागे निळे दिवे लागलेत असं समज. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. एकेक बोट मी सरळ करून दिलं.