चावी काढली तरी वायर जिवंत

प्रिय दाजी,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे येडेपणाच. पण तुमची जळालेली गाडी आज पोलीस ठाण्यातून घरी आली. मी ती उघडली. आत जे दिसलं ते अक्काला सांगून झालंय, आता तुम्हाला सांगायचंय.

लातूरच्या गाडीस्टँडवर तुमच्याबद्दल काय बोलतात, माहितंय? "बिडी पेटवून झोपला अन् गाडीसकट गेला." तुम्ही गाडीतून क्लासला आणलेली पोरं आत गणितं सोडवत होती, तुम्ही बाहेर गाडीत पडलेले. भूकंपात तुमचे आई-बाप भिंतीखाली गेले, तेव्हापासून घरात तुमचा डोळा लागायचा नाही. गाडीत मात्र काय घोरायचे!

अक्का लोकांना उलटून बोलत नाही. मलाच विचारायची, "माझ्या गळ्याची आण घेऊन बिडी सोडली होती रे त्यांनी. मोडली का आण?"

मी कुठल्या कामावर टिकलोय, दाजी? उमरीला हॉटेलात, विष्णुपुरीला कॉलेजसमोर झेरॉक्सवर, मग नांदेडला गॅरेजात. उमरीच्या हॉटेलातली भजी मात्र... जाऊ द्या. गॅरेजात एवढं कळलं की इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट द्यायचा तो रिलेतून, म्हणजे चावी फिरवली की चालू अन् काढली की बंद होणाऱ्या स्विचातून, अन् मधे फ्यूज पाहिजेच.

तुमचा रिले गेला तेव्हा मी फोनवर म्हणलो होतो, "दाजी, नवा बसवा." तुम्ही हसले. "आरं, बॅटरीवरनं वायर डायरेक्ट मारलीय! घोड्यावानी पळून राहिली. पोरायची परीक्षा हाय, रिले हुडकत बसू का? तू गॅरेजात निस्ता झाडू मारला का रे?"

डायरेक्ट! आपल्याकडं मोटर डायरेक्ट, पंखा डायरेक्ट, सगळंच डायरेक्ट. पण चावी काढली तरी ती वायर जिवंतच राहते हो! ना फ्यूज, ना वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबर. पत्र्याला घासून घासून साल गेली, अन् तुम्ही झोपलेले असताना ती पेटली. तांबं वितळून पत्र्याला चिकटलंय. उरलेल्या जोडाला पीळ तुमचाच, वेणी घातल्यासारखा.

रिले काय, बाजारात मिळतो. पोरं दुसऱ्या गाडीनं गेली असती. एवढी कसली घाई होती, दाजी?

अक्का तो वायरीचा तुकडा हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हंजे बिडी नव्हती."

"न्हाई अक्का. पण हे काम दाजीचंच हाय. लोकं म्हणतील, वायरिंग येत नव्हतं."

"म्हणू दे," रडत रडत म्हणाली. "आण मोडली न्हाई त्यांनी."

उद्या हा तुकडा घेऊन स्टँडवर जातोय. ज्या हाताची एवढी फुशारकी मारायचे, त्याच हाताला तुमच्या दोस्तांसमोर नावं ठेवावी लागणार. रागवा खुशाल. त्यांच्यातही कितीजणांनी डायरेक्ट मारलंय, कोण जाणे. एकेकाचं बॉनेट उघडून बघितल्याशिवाय मी लातूर सोडणार नाही, हा शब्द. शिव्या देतील, देऊ देत. तुमच्या खाऊन सवय झालीय.

तुमचा मेव्हणा,
बाळू