पाहुण्यांच्या जीपची व्यवस्था

मी, पुनाराम डोमाजी राहांगडाले, वय बासष्ट, राहणार बालाघाट, धंदा पाहुण्यांना जीपने कान्हाचे जंगल दाखवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावे.

१. राहते घर पत्नी शेवंताबाई हिचे. पाहुण्यांचे डबे इतकी वर्षे तिनेच भरले. सालवृक्षाच्या सावलीत डबा उघडला की तिच्या वांग्याच्या भाजीवर साहेबलोक तुटून पडत. ते दिवस फार आठवतात.

२. दुर्बीण मुलगी कमला हिला, ती लांजीला सासरी असते. नऊ वर्षांची असताना तिने माझ्याआधी बारशिंगा पाहिला, आणि आनंदाने ओरडून पळवलाही. शेजारच्या तेजरामला दुर्बीण मागूनही देऊ नये. वाघ दिसावा म्हणून तो माणसे लावून, डबे बडवून जंगलात हाका घालतो, जनावरे उठवतो.

३. जीप मुलगा घनश्याम याला हवी आहे. त्याआधी एक गोष्ट लिहितो. १९६१ च्या माघात मी कलकत्त्याचे पाहुणे बैगा आदिवासींच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, नेले आणि तिथल्या नथ्थूला नाच लावायला सांगितले. नथ्थू आमच्याकडे धानकापणीला येई, आमची बोली बोले. त्याची बायको सीता नाचली. पाहुणे खूश झाले. निघताना कळले, चारच दिवसांपूर्वी तिची मुलगी वारली होती.

"काहून सांगतलं नाही मले?" मी नथ्थूला विचारले.

"नाही कसं म्हणू भाऊ? तुमी पाहुणे घेऊन आलते."

त्या दिवसाची लाज अजून जात नाही. तेव्हापासून मी जीप टोल्याबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी करतो. इंजिन बंद, हॉर्न नाही. आतून कोणी बोलवायला आले तर जायचे, नाहीतर परत फिरायचे. घनश्याम मात्र हॉर्न वाजवत थेट आत शिरतो. म्हणतो, "बाबा, तुमच्या नियमानं धंदा बुडून राह्यला."

म्हणून माझ्यामागे घनश्यामने आईला घेऊन बैहरच्या बसने टोल्यावर जावे, मोहाखाली थांबावे आणि जीप चालवू का, हे नथ्थूला विचारावे. तो हौ म्हणाला तर जीप घनश्यामची. नाही म्हणाला तर विकून टाकावी, कारण विचारू नये. तेव्हा त्याला नाही म्हणता आले नाही, आता म्हणता यावे. पोरा, रागावू नकोस. जीप तुलाच मिळावी अशी माझी इच्छा आहे.

सही: पुनाराम डोमाजी राहांगडाले

साक्षीदार: खेमराज दुलीचंद बिसेन, दुर्गाबाई पटले (अंगठा)

साक्षीदार खेमराजचा शेरा: मजकूर मोठ्याने वाचला तेव्हा घनश्याम हजर होता. त्याने एवढेच विचारले, "बाबा, त्या पोरीचं नाव काय होतं?" पुनारामजींना ते सांगता आले नाही.

बालाघाट, ७ मार्च १९७१