आईचा डावा हात

३ नोव्हें., सोमवार
कॉम्प्युटरचं शनिवारपासून अपडेट-अपडेट चाललं होतं, आज एकदाचा उठला. सगळं जागेवर आहे, फक्त फोटोवर क्लिक केलं की बाबांचा जुना प्रोग्रॅम उघडत नाही. दुसराच कोणी नवा उघडतो. काळा पडदा, खाली बारीक बारीक चित्रांची रांग. बाबा असते तर दुपारपर्यंत शिव्या घालत बसले असते. वर्षश्राद्धाच्या वेळी लावलेल्या त्यांच्या फोटोच्या काचेत ओल गेली, तो परत प्रिंट करायचा होता. राहिला.
आई आज कॉ.च्या खोलीत येऊन बसली. बाबा होते तोवर त्या खोलीत ती फक्त झाडू मारायला जायची.

५ नोव्हें.
कुंडमची बस परत बंद पडली. आमचे ब्रँच मॅनेजर मला म्हणून राहिले होते, मॅडम जबलपूर सोडा, इथंच खोली घ्या. हो, आणि आईला कोण पाहील? हे नोकरीला रायपूरला, लेक रेवा इंदोरला.
घरी आल्यावर फोटोवर राइट क्लिक, ओपन विथ, बाबांचा प्रोग्रॅम, "नेहमी" वर टिक. पाच मिनिटांचं काम. उगाच टाळून राहिले होते.

९ नोव्हें., रवि.
परत नवाच उघडतो! जेपीजीला बाबांचा लावला होता, तो गेला. आणि बाबांनी निगेटिव्हवरून स्कॅन केलेले सगळे टिफ प्रकारचे निघाले, त्यांना तर लावलाच नव्हता. एकेका प्रकाराला वेगळं सांगावं लागतं.
रेवाच्या बारशाचा फोटो नव्यात उघडला. सगळे एकीकडे गर्दी करून उभे, आईच्या डाव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी. नुसती भिंत. म्हटलं या प्रोग्रॅमला फोटो धड बसवता येत नाही. आई मागे उभी होती. म्हणाली, "राहू दे हाच. ह्याच्यात सगळे दिसतात."

१० नोव्हें.
एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्या घरात थट्टाच होती की बाबांनी काढलेल्या फोटोत आईला डावा हात नसतो. कोपराशी फोटो संपतो. बाबा कॅमेऱ्याला दोष द्यायचे, मी म्हणायची नाचता येईना अंगण वाकडं. अल्बममधले फोटोही लहान-मोठे, कात्रीनं कापलेले. "कोपऱ्यात बसत नाहीत," म्हणायचे.
काल बारशाच्या फोटोत आईला डावा हात होता.

१६ नोव्हें., रवि.
रेवाशी व्हिडिओ कॉल. तिनं सांगितलं ते असं: आजोबांचा प्रोग्रॅम मूळ फोटोला हात लावत नाही. कापलं, फिरवलं, काही केलं की ते बाजूला एका लपलेल्या फाइलीत लिहून ठेवतो आणि उघडताना तसं कापून दाखवतो. दुसऱ्या कशानं उघडलं की मूळ फोटो दिसतो, पूर्ण. "मतलब मम्मा, आजोबांनी सगळे फोटो क्रॉप केलेत. एक एक."
सगळे? म्हटलं, काहून करतील? ती म्हणाली मला काय माहीत, आजोबा बोअर होत असतील रिटायर होऊन.
बोअर होऊन माणूस हजारो फोटो एकाच बाजूनं कापत नाही.

२२ नोव्हें., शनि.
बँकेला सुटी. आई दुपारी झोपली तेव्हा नव्या प्रोग्रॅममध्ये वर्षांच्या क्रमानं लावून पाहिले.
माझा पहिला वाढदिवस. मी आईच्या उजव्या कडेवर. डावा हात खाली, थोडा पुढे, पंजा वाकलेला. कोणी कमरेइतकं उंच उभं असावं आणि तिनं डोक्यावर हात ठेवावा, तसा. तिथं कोणी नाही. चुन्याची भिंत.
मी दुसरीत. हात छातीशी आला.
मी मॅट्रिक. हात तिच्या खांद्याच्या वर, कोणाच्या तरी खांद्यावर टेकल्यासारखा. बोटंसुद्धा सैल नाहीत, दाबलेली.
माझं बी.कॉम. आता हात कोणाच्या तरी दंडाला धरल्यासारखा, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहतच नाही. डावीकडे वर पाहून हसते आहे. माझ्याकडे बघून आई तशी कधी हसली असेल तर मला आठवत नाही.
म्हणजे हाताखालचं जे काही आहे ते वाढत गेलं. 
मी प्रत्येक फोटोत आहे, तिथंच बाजूला उभी. मला दिसलं काहून नाही? पण फोटो काढताना कोणी बाजूला पाहत नाही, सगळे समोर पाहतात. समोर फक्त बाबा होते. त्यांनी पाहिलं, दर वेळी.

२३ नोव्हें.
बंद करायचं हे. सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका प्रकाराला, जेपीजी, टिफ, पीएनजी, सगळ्यांना बाबांचा प्रोग्रॅम लावला. बारशाचा फोटो उघडून पाहिला. आई कोपरापर्यंत. हुश्श वाटलं.
आई चहाचा कप घेऊन आली, पडद्याकडे पाहत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, गॅस बंद केलास का विचारावं तशी म्हणाली, "परत बाहेर काढलंस त्याला?"
कोणाला, विचारलं. कप ठेवून निघून गेली. रात्री जेवली नाही.

२४ नोव्हें.
नागपूरला आत्याला फोन. आधी हवापाणी, मग तिचे गुडघे. म्हटलं आत्या, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारते, आईच्या डाव्या हाताला कोण होतं?
आत्यानं तिकडे टीव्ही बंद केला, मग सांगितलं.
नंदन. माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षं मोठा. संक्रांतीला नर्मदेवर तिलवाऱ्याच्या घाटाला स्नानाला गेले होते, मी तान्ही. आईच्या कडेवर मी, डाव्या हाताला तो. मी रडायला लागले म्हणून तिनं मला सावरायला तो हात सोडला. तेवढंच. गर्दीत गेला. पाण्यात गेला की नागपूरच्या रस्त्याकडे गेला की कोणी नेला, काही नाही कळलं. नावा फिरवल्या, ट्रकवाले विचारले. चप्पलसुद्धा नाही सापडली.
बारा वर्षं वाट पाहून बाबांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया केली. मला त्या सुटीत आत्याकडे धाडलं होतं, तेव्हाच. आई विधीला बसली नाही. स्वयंपाकघरात चार ताटं वाढून बसली होती म्हणे, आणि बाबा आले तर म्हणाली, हळू बोला, तो जेवून राहिला.
"तुला सांगायचं नाही असं वहिनीनंच ठरवलं," आत्या म्हणाली. "तुला वाटेल तुझ्यामुळे."
वाटलंच.

२९ नोव्हें.
राग येतो. रिकाम्या जागेचा राग येतो, काय म्हणावं याला. या वयात. सगळ्या फोटोंत मी आहे, नवे कपडे घालून, दात काढून, आणि आई त्याला धरून उभी आहे. मला कडेवरून उतरवल्यावर तिचा हात एकाही फोटोत माझ्यावर नाही.
आणि बाबा! मेलेला मानून त्याला रोज थोडा थोडा कापत बसले. दोघांनी मिळून एका घरात, एकमेकांना काही न बोलता.

७ डिसें., रवि.
सकाळी परत नवा प्रोग्रॅम. सगळ्या प्रकारांना. रेवा म्हणते अपडेटनं डिफॉल्ट उडतात, सबके साथ होता है. आईला विचारलं तर म्हणाली मला तो उंदीर धरता येतो का?
खरं आहे, येत नाही. तरी उद्या माउस पर्समध्ये टाकून कुंडमला नेणार.

८ डिसें.
नेला. आले तर फोटो उघडाच, पडदाभर. माझं मॅट्रिक. आई समोर बसून मटार सोलत होती. शेंगांची दोन ताटल्यांत वाटणी केली होती, एक तिच्याजवळ, एक डावीकडे. डावीकडचीही सोलून झाली होती. म्हणाली, "आपोआप उघडलं गं."
माउस माझ्या पर्समध्ये होता. कीबोर्डनंही उघडता येतं म्हणा. तिला येत असेल. शिकवलं असेल बाबांनी कधी.

२५ डिसें.
रेवा आली आहे. बरं वाटलं, घरात आवाज आहे. तिनं नव्या प्रोग्रॅममध्ये एक गंमत दाखवली. तो चेहरे ओळखतो आणि माणसागणिक फोटो वेगळे लावतो. गोल गोल चकत्या: आई, मी, बाबा (थोडेच), रेवा, आत्या. खाली लिहिलेलं, नाव द्या.
शेवटच्या चकतीत भिंत होती.
रेवानं क्लिक केलं. त्या एकाच "माणसाचे" ढीगभर फोटो. एकात पडदा, एकात पेरूच्या झाडाची पानं, एकात बारशाची भिंत. सगळे तुकडे आईच्या डावीकडचे, आणि दर वर्षी थोडे वरचे. रेवा हसायला लागली, की ॲप कधीकधी चुकतं, डागालाही चेहरा समजतं. मग हसायची थांबली. "मम्मा, पण एकच माणूस समजून राहिलं हे सगळ्यांना."
तिला सांगितलं सगळं. ती रडली. मला इतके दिवस रडायला आलं नव्हतं, तिचं पाहून आलं.

२६ डिसें.
चकतीखाली नाव आहे आज. नंदन. रेवा म्हणते तिनं नाही घातलं. मी नाही. आईला विचारायची माझी हिंमत नाही.

४ जाने., रवि.
मीच नवा प्रोग्रॅम ठेवला. बाबांचा लावायचं सोडून दिलं. आई जेवते, हसते, डॉक्टर म्हणाले बी.पी. इतकं चांगलं कधी नव्हतं. माझं काय जातं? पण संध्याकाळी तिच्या डाव्या बाजूनं जायचं असलं की मी वळसा घालून जाते. रेवाही जायच्या आधी घालत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि काही बोललो नाही. झालं, आम्हीही बाबा-आईच झालो.

११ जाने.
फुहाऱ्याच्या बाजारातून तीळ, गूळ आणले. आई पाक पाहून राहिली होती, तेव्हाच बोलली, की यंदा संक्रांतीला तिलवाऱ्याला जाऊ. तेव्हापासून गेली नाही ती तिकडे. नागपूरला जाताना तिथला पूल आला की गाडीत डोळे मिटायची, मला वाटायचं गाडी लागते.
म्हटलं, आई तो नाही आता. म्हटलं एकदाचं.
ती चिडली नाही. "तू तान्ही होतीस, तुझा काय दोष? माझाही नव्हता," म्हणाली. "तुझ्या बाबांनाच तो आहे हे पटेना. यांना कोणीतरी गेलेलं पाहिजे होतं." मग लाडू वळत म्हणाली, "मला एक फोटो पाहिजे तिथला. न कापलेला."

१४ जाने., बुध.
गेलो. घाटावर ही गर्दी. आईनं पाण्याला हात लावला, तीळ सोडले, रडली नाही. फोटोसाठी उभ्या राहिलो. मी स्वतःच थोडी उजवीकडे सरकले, जागा ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. आईनं डावा हात उचलला, दंडाशी, आणि उजव्या हातानं माझा हात धरला. पहिल्यांदा. इतका गरम हात.
समोर एक बाई आपल्या पोरींसोबत उभ्या होत्या, त्यांना फोन दिला. त्यांनी धरला, मान तिरकी केली, आणि म्हणाल्या, "भैया, आप थोड़ा अंदर आ जाइए, कट रहे हैं."
मी समोर पाहत राहिले.
"हाँ, अब ठीक है."
आई फोन घेताना त्यांना लाडू देऊन राहिली होती, एक नाही, दोन. मागे-बाजूला माणसंच माणसं होती. कोणालाही म्हटलं असेल. मी वळून पाहिलं नाही, फोनवरही पाहिलं नाही. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. आई मागे, उजव्या खिडकीशी, बाजूला जागा सोडून. पुलावर तिनं डोळे उघडे ठेवले.

आता घरी. फोटो कॉ.वर घेतला. नव्या फोनचा फोटो वेगळ्याच प्रकारचा असतो, त्याला अजून काही ठरवलेलं नाही, म्हणून विचारून राहिला: ही फाइल कशानं उघडायची? खाली दोन्ही प्रोग्रॅमची नावं, आणि "नेहमी" चा रिकामा चौकोन.
तसं पाहिलं तर फरक नाही. या फोटोला बाबांचा हात लागलेला नाही, दोन्हीत सारखाच उघडेल. कापायचा तर मलाच कापावा लागेल.
आईनं जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आणून ठेवल्या. एकीवर ती बसली आहे. म्हणते, उघड न मंजू, आम्ही थांबलो आहोत.